दोन लहान मुलं, हाताशी एकच मोठं माणूस: काय एकत्र उरकायचं आणि काय वेगळंच ठेवायचं

सुईदोरा (सोमवार, रात्री १०:५०)

घरात साडेतीन-चार वर्षांचं एक आणि वर्षाच्या आतलं एक अशी जोडी असली, की संध्याकाळी ५ ते ९ या वेळात एकटं मोठं माणूस पुरं पडत नाही. त्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे "दोघांचं एकदमच करून टाकायचं". तो अर्धाच खरा आहे. काही कामं जोडली की वेळ वाचतो, काही जोडली की अंगाशी येतं. कुठली कुठे मोडतात ते इथे लिहूया. "हेही दिवस जातील" छाप प्रतिसादांसाठी दुसरे धागे आहेत. इथे वाट्या, मिली आणि मिनिटं लिहा.

सुरुवात कुकरपासून, कारण जोडण्यासारखं पहिलं काम तेच.

चौघांची खिचडी (वाटी १५० मिलीची धरली आहे): १ वाटी आंबेमोहर किंवा इंद्रायणी, पाऊण वाटी सालीशिवायची मूगडाळ, लाल भोपळ्याच्या चार-पाच फोडी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, ६ वाट्या पाणी. बासमती नको, तो मोकळा राहतो आणि घोटला तरी कणी लागते. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून घेतले तर ४ शिट्ट्या आणि मंद आचेवर ५ मिनिटं पुरतात. न भिजवता लावलं तर तांदूळ शिजतो, डाळ बोटाखाली कचकच लागते.

मीठ कुकरात घालायचंच नाही. वाफ आपोआप उतरली की धाकट्याची दोन डाव खिचडी आधी वाटीत काढायची, चमचाभर तूप घालून पळीच्या पाठीने घोटायची. मग उरलेल्या खिचडीत मीठ. ते कोरडं वरून टाकलं तर एका घासाला खारट, एकाला अळणी लागतं, म्हणून अर्धी वाटी कडकडीत पाण्यात विरघळवून ओतायचं. वर कढल्यात केलेली जिरं-कढीपत्त्याची फोडणी. थोरल्याला तिखट चालत नसेल तर फोडणीत मिरची अख्खी टाकून बाहेर काढायची.

घोटाळा नेहमी दोन ठिकाणी होतो. एक, हाताला सवय असते म्हणून मीठ आधीच पडतं. दुसरा, पंधरा मिनिटांत खिचडीचा गोळा होतो आणि तो सैल करायला माठातलं पाणी घातलं जातं. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी भरून ओट्यावरच ठेवा.

---

पातेलंभर (सोमवार, रात्री ११:२०)

रोज खिचडी मोठी माणसं खात नाहीत हो. त्यासाठी कुकरमधली वाटी: खालच्या भांड्यात वरणाची डाळ, वर भात, आणि भाताच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर स्टीलची छोटी उभी वाटी. वाटीत २ चमचे (पोह्याचे) धुतलेला तांदूळ, १ चमचा मूगडाळ, गाजराचे दोन काप, अर्धी वाटी पाणी.

वाटी दोन तृतीयांशाच्या वर भरायची नाही आणि तिच्यावर ताटली हवीच. नाहीतर डाळीचा फेस उतू जाऊन वाटी अर्धी रिकामी आणि कुकरची शिट्टी चोंदलेली, दोन्ही एकदम. वाटीवर वाटी रचल्यामुळे उंची वाढते, ३ लिटरच्या कुकरात हे मावत नाही. ५ लिटरचा उभा कुकर लागतो.

---

दुपारतीन (मंगळवार, सकाळी ७:०५)

मिठाचं एवढं अवडंबर कशाला? कणभर मिठाने चव येते, अळणी खाऊन मूल तोंड फिरवतं. आपण सगळे तसेच वाढलो.

---

दवाखानागल्ली (मंगळवार, सकाळी ९:४०)

@दुपारतीन, वर्षाच्या आतल्या बाळाला जेवढं सोडियम लागतं तेवढं आईच्या दुधातून आणि धान्य-भाज्यांतून मिळतं. मूत्रपिंडं पुरती तयार झालेली नसतात, जास्तीचं मीठ बाहेर टाकणं त्यांना जड जातं. म्हणून वर्षापर्यंत वरून मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. चव हवी तर जिरेपूड, हिंग, तूप, कोथिंबिरीचं पाणी. तोंड फिरवण्याचं कारण बहुतेक वेळा मीठ नसतंच, जेवण फार पातळ किंवा फार गार असतं.

मधाला मात्र अपवाद नाही. वर्षाच्या आत चाटणसुद्धा नाही, कारण मधात बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं ते थोपवू शकत नाही. बाळघुटी उगाळून मधातून देण्याची पद्धत अजून आहे, ती इथेच अडते.

प्रमाण: ६ महिन्यांना २-३ चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटीच, पण ३-४ वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. आईचं दूध बरोबरीने चालूच.

आणखी एक. नवव्या महिन्यानंतर मिक्सर बंद. गुळगुळीत पेजच मिळत राहिली तर पुढे दीड वर्षाचं झालं तरी भाताचं शीत लागताच मूल ओकारी काढतं. घोटलेलं, मग बोटांनी कुस्करलेलं, मग वरण-भात, या क्रमाने जाड करत जायचं.

---

सुईदोरा (मंगळवार, सकाळी १०:१५)

कुकर 'एकत्र'च्या यादीत गेला. आता ताट. जेवण एकत्र शिजतं, पण दोघांची ताटं शेजारी मांडली की थोरल्याच्या ताटातलं धाकट्याच्या मुठीत जातं. त्याचं काय?

---

चिकूचीबी (मंगळवार, दुपारी १:३०)

माझ्या आयडीला जागून लिहिते.

थोरल्याचा खाऊ हाच धाकट्याचा सगळ्यात मोठा धोका. जमिनीवर सांडलेलं रांगणारं बाळ मिनिटभरात शोधून काढतं. दाणे, फुटाणे, चणे, डाळिंबाचे दाणे, मक्याचे दाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, गोल चकत्या केलेलं कच्चं गाजर आणि सीताफळ-चिकूच्या बिया. चिकूची बी चपटी, गुळगुळीत आणि टोकाला आकडा असलेली, घशात अडकायला अगदी बेतशीर. अख्खे दाणे थोरल्यालाही चार वर्षांच्या आत नकोतच. दाण्याचं बारीक कूट खिचडीत किंवा थालीपिठात मिसळून चालतं. कोरडं कूट चमच्याने भरवायचं नाही, टाळूला चिकटून ठसका लागतो. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. आडवी चिरली तर गोल चकती उरते आणि ती श्वासनलिकेवर झाकणासारखी बसते.

नियम एकच: थोरल्याचा कोरडा खाऊ टेबलाशी किंवा ओट्याशी स्टुलावर बसून. हातात वाटी घेऊन घरभर फिरणं बंद. खाऊन झालं की खालची फरशी एकदा ओल्या फडक्याने.

जाता जाता बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमीत ते होतं, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा ओततात आणि जमलेली मुलं वेचतात. उत्सवमूर्ती सहसा वर्षाच्या आतबाहेरची आणि तिच्या भोवती सगळ्या घातक वस्तूंचा खच! करूच नका असं मी म्हणत नाही. बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओता, बोरं-शेंगा-हलवा मोठ्या मुलांना नंतर वेगळ्या पुड्यांतून द्या. फोटोत फरक कळत नाही.

---

किल्लीवाले काका (मंगळवार, सायं. ६:१०)

खाऊबरोबर खेळणीही घ्या. डब्यावर "३ वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहिलेलं असतं ते घरातल्या सर्वांत लहान मुलाला धरून वाचायचं, खेळणं ज्याचं आहे त्याला धरून नव्हे. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत जे मावतं ते सगळं बाळाच्या घशात मावतं. बारीक ठोकळे, मणी, लहान गाड्या फक्त दिवाणावर किंवा टेबलावर. जमिनीवर फक्त मोठी खेळणी.

नाण्यासारखे चपटे सेल तर वेगळेच प्रकरण. गाणारी पुस्तकं, लायटिंगचे बूट, वजनकाटा, छोटे रिमोट यांत असतात. २० मिमी व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा जाळतो, सेल संपलेला असला तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट एक्स-रे असलेल्या रुग्णालयात. आज रात्री घरातली सेलची झाकणं तपासा. स्क्रू नसलेल्या झाकणावर चिकटपट्टी पुरत नाही, ते खेळणं काढूनच टाका.

---

नळाखाली (मंगळवार, रात्री ९:५५)

आंघोळ. दोघांना एकदम न्हाणीत घेणारे खूप आहेत, तसं करू नका. साबण लावलेले दोन जीव आणि आपले दोनच हात. एकामागून एक, आणि क्रम थोरलं आधी, धाकटं नंतर.

सगळे उलट करतात, बाळ आधी. मग ओलं, भुकेलं बाळ टॉवेलात गुंडाळून ठेवायचं कुठे आणि थोरल्याला कोण घालणार? थोरलं साडेतीन वर्षांचं असेल तर साबण लावून दिल्यावर तांब्याने स्वतः पाणी घेतं. त्याला सात-आठ मिनिटं लागतात, तोवर बाळ कपड्यांसकट न्हाणीच्या दाराबाहेर चटईवर, तुमच्या नजरेसमोर. थोरलं बाहेर येऊन पुसून चड्डी-सदरा चढवायला लागलं की बाळाला आत घ्यायचं. तोवर न्हाणी उबदार झालेली असते. बाळाची आंघोळ चार-पाच मिनिटांची. मग पुसणं, कपडे आणि लगेच दूध, मध्ये खंड नाही.

पाणी: बादलीत आधी गार, मग गरम. उलट केलं आणि मध्येच दारावरची बेल वाजली तर बादलीत नुसतं कढत पाणी उरतं. कोपराने पाहायचं, हाताची कातडी निबर असते. गिझर ५० अंशांच्या वर नको. गॅस गिझर न्हाणीच्या आत असेल आणि खिडकी बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली आहेत. तो बाहेरच्या भिंतीला लावून घ्या आणि तोवर खिडकी उघडी ठेवा.

तेल लावायचं ते चटईवर, न्हाणीत नाही. तेलाचा थेंब फरशीवर पडला की पहिलं घसरतं ते थोरलं. नाका-कानांत तेल घालू नका, बेंबीतही नको. धुरी तर नकोच, बाळाच्या छातीला धूर चांगला नाही.

शेवटी बादली पालथी. चार बोटं पाणी उरलेल्या बादलीत रांगतं बाळ डोक्यावर पडलं तर त्याला वर येता येत नाही. पिंपावर झाकण आणि त्यावर वजन, न्हाणीला बाहेरून उंचावर कडी.

---

आडनाव_नको (मंगळवार, रात्री १०:२०)

नोकरी करणाऱ्यांना ५ ते ९ मिळतच नाहीत. पावणेसातला दार उघडलं की नऊपर्यंत सगळं. त्यात तेल, आंघोळ, खिचडी, झोप कसं बसवायचं?

---

सुईदोरा (मंगळवार, रात्री १०:४५)

@आडनाव_नको, आंघोळ सकाळी हलवा, संध्याकाळी फक्त हातपाय-तोंड. डाळ-तांदूळ सकाळी धुऊन पाण्यासकट डब्यात, डबा फ्रिजमध्ये. बाहेर ठेवाल तर एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. फ्रिजमधलं भिजवण गार असतं, म्हणून कुकर लावताना गरम पाणी घ्या आणि एक शिट्टी जास्त. दार उघडल्यावर आधी कुकर, मग चपला जागेवर. सात वाजून वीस मिनिटांनी ताटं, पावणेआठला धाकट्याची झोप.

---

पातेलंभर (मंगळवार, रात्री ११:००)

आधी हात धुवा, मग कुकर. बाकी सहमत.

---

दवाखानागल्ली (बुधवार, सकाळी ८:३०)

औषधाबद्दल सविस्तर लिहितो, कारण 'कधीच एकत्र नाही' या यादीतलं हे पहिलं नाव.

दोघांना एकदम ताप येतो, तेव्हा घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या असतात आणि दोन्हींवर एकच नाव असतं. पण आतली तीव्रता वेगळी. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ. सिरप दोन प्रकारचं: ५ मिलीत १२० मिग्रॅ किंवा ५ मिलीत २५० मिग्रॅ. म्हणजे थेंब सर्वांत तीव्र, जरी "लहान बाळाचं ते सौम्य असणार" असं वाटत असलं तरी.

डोस वजनावर ठरतो, वयावर नाही: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाहीत.

८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिग्रॅ, म्हणजे थेंबांच्या बाटलीतून ०.८ ते १.२ मिली. १४ किलोच्या थोरल्याला १४० ते २१० मिग्रॅ, म्हणजे २५० च्या सिरपमधून २.८ ते ४.२ मिली. आता अदलाबदल करून पाहा. थोरल्याच्या सवयीने बाळाला थेंबांच्या बाटलीतून ४ मिली गेलं तर ४०० मिग्रॅ पोटात, म्हणजे किलोला ५०. उलट १२० च्या सिरपमधून बाळाला १.२ मिली दिलं तर जेमतेम २९ मिग्रॅ. मग ताप उतरत नाही, "औषध लागू पडत नाही" म्हणून तासाभरात दुसरं औषध शोधलं जातं.

म्हणून: प्रत्येक बाटलीवर मुलाचं नाव, ताजं वजन, मिली, बाटली फोडल्याची तारीख. वजन दोन-तीन महिन्यांनी बदलून लिहायचं. मोजायला सुईशिवायची सिरिंज. घरातल्या चमच्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत, एकाच ट्रेमध्ये नाही. फ्रिजवर कागद, दोन रकाने, दिलेली वेळ आणि देणाऱ्याची सही. रात्री दोन वाजता एकाने दिलं आणि अडीचला दुसऱ्याने, असं दोन मोठी माणसं असलेल्या घरातच होतं.

थोरल्याला लिहून दिलेलं सर्दी-खोकल्याचं औषध "उरलंय तर थोडं बाळाला" हा प्रकार तर अजिबात नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत अशी सूचना औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढली आहे. बाटलीची बारीक अक्षरं वाचा.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी डोस मोजत बसू नका, सरळ डॉक्टरकडे.

---

चिकूचीबी (बुधवार, सकाळी १०:०५)

जुलाबाचंही लिहा ना. पावसाळ्यात बालवाडीतून थोरलं घेऊन येतं आणि दोन दिवसांत धाकटं.

---

दवाखानागल्ली (बुधवार, दुपारी २:४०)

ओआरएस. पाकीट १ लिटरचं की २०० मिलीचं ते आधी वाचा, दोन्ही मिळतात. पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात. "थोडं थोडं करू" म्हणून लिटरच्या पाकिटातली अंदाजे चिमूट पेल्यात टाकली की प्रमाण बिघडतं. पाणी कमी तर मीठ जास्त, आणि ते पाजून मूल अधिक सुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं लिटरचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं. फळांच्या चवीचे गोड खोके म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या जादा साखरेने जुलाब वाढतात. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांखाली ५० ते १०० मिली, २ वर्षांवर १०० ते २०० मिली. बाळाला चमच्याने, मिनिटाला एखादा चमचा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. सोबत झिंक १४ दिवस: ६ महिन्यांच्या आत १० मिग्रॅ, वर २० मिग्रॅ. चौथ्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून झिंक बंद करतात, ते करू नका.

इथे 'एकत्र' एवढंच: एका लिटरचं कालवलेलं भांडं दोघांना चालतं. पेले, चमचे, टॉवेल वेगळे. लंगोट बदलल्यावर साबणाने हात, आणि मगच थोरल्याचा पेला. आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल, रडताना अश्रू नाहीत, शीमध्ये रक्त, मूल मलूल, यांतलं काहीही दिसलं तर रुग्णालय.

---

रातकिडा (बुधवार, रात्री ११:५५)

झोप. दोघांना एकाच वेळी झोपवायचा अट्टाहास सोडा. जो आधी झोपतो त्याला दुसरा उठवतो, आणि दोन्ही नव्याने. धाकटं पावणेआठ, थोरलं पावणेनऊ, हा तासाभराचा फरकच कामाचा.

तो जमायला दुपारपासून हिशेब लागतो. ८-९ महिन्यांचं बाळ एका जागेपणी अडीच ते तीन तास टिकतं. शेवटची डुलकी पावणेपाचपर्यंत संपली तर पावणेआठला ते खरंच पेंगतं. सहा वाजता गाडीत वीस मिनिटं डोळा लागला की गेले दीड तास. थोरल्याची दुपारची झोप एक तास, साडेतीनच्या आत उठवायचं. पाचपर्यंत झोपू दिलं तर रात्री साडेदहा ठरलेले.

धाकट्याला झोपवताना थोरल्याचं काय? एक डबा. त्यात तीन-चार आवाज न करणारी खेळणी: चिकटणारी चित्रं, कापडी पुस्तक, दोरीत ओवायचे मोठे लाकडी मणी. तो डबा फक्त त्याच वीस मिनिटांत निघतो आणि नंतर वर कपाटात. दिवसभर हाती असलेली खेळणी त्या वेळी काही कामाची नसतात. मणी मोजून ठेवा, सकाळी रांगणाऱ्याच्या हाती एखादा लागायला नको.

एका गादीवर चौघे असाल तरी बाळ थोरल्याच्या शेजारी नको, मध्ये मोठं माणूस हवं. झोपेत थोरल्याचा हात तोंडावर आला तर बाळाला तो बाजूला करता येत नाही. खरं तर वर्षाच्या आत वेगळी सपाट, कडक गादी बरी. पाठीवर झोपवायचं, उशी नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. दिवसा जागेपणी पोटावर खेळू दिलं की डोकं आपोआप गोल राहतं.

थोरल्याचं रात्रीचं दूध दात घासायच्या आधी. दिवसाचं सगळं मिळून ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. दुधाने पोट भरलं की पोळी-भाजी मागे पडते आणि लोह कमी पडतं.

---

दुपारतीन (गुरुवार, सकाळी ७:१५)

मिठाचं पटलं. एक प्रश्न: आई बाळाला पाजायला बसली की नेमकी थोरल्याला शू लागते. हमखास. उपाय?

---

रातकिडा (गुरुवार, सकाळी ७:५०)

पाजायला बसायच्या आधी शू करवणं हा कार्यक्रमाचाच भाग करा, मागणीवर सोडू नका. मग शेजारी टोपली: थोरल्याच्या पाण्याची बाटली, सोललेलं केळं, दोन पुस्तकं. आईचा एक हात मोकळा असतोच, पान उलटायला तो पुरतो.

अजून एक बारीकशी गोष्ट. घरात दिवसभर "थांब, बाळ झोपलंय", "थांब, बाळाला घेतलंय" एवढंच ऐकू येतं. दिवसातून दोनदा, थोरल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाळाला सांगा: "थांब रे जरा, आता ताईची पाळी आहे." बाळाला काय कळतंय? पण ताई ऐकत असते. चिमटे काढणं याने आठवडाभरात कमी होताना दिसतं. नाही झालं तर रागावण्यापेक्षा दोघांना एकटं एका खोलीत न सोडणं हाच उपाय, तीन वर्षांच्या मुलाच्या हाती जबाबदारी देता येत नाही.

---

किल्लीवाले काका (गुरुवार, दुपारी १२:३०)

दुचाकीचं कुणी लिहिलं नाही. ९ महिने ते ४ वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा हार्नेस आणि ताशी ४० किमीच्या आत वेग, असा केंद्राचा नियम २०२२ साली अधिसूचित झाला आहे. पुढे उभं थोरलं आणि पाठीला बांधलेलं बाळ, हे मात्र कुठल्याही वेगाला नको. करकचून ब्रेक लागला की पुढच्याची हनुवटी हँडलवर. दोघांना घेऊन जायचं तर रिक्षा. पैसे जातात, जाऊ द्या.

---

नळाखाली (गुरुवार, दुपारी ३:२०)

कपडे मात्र बिनधास्त एकत्र. शीचे लंगोट आधी वेगळे धुऊन मग यंत्रात. सॉफ्टनर घालू नका, कापडावर थर बसतो आणि लंगोट पाणी शोषत नाही. दिवसाला ७-८ लागतात. उन्हाळ्यात १२-१४ पुरतात, जुलै-ऑगस्टमध्ये वाळायला दोन दिवस जातात म्हणून २०-२४ हवेत. दमट लंगोट बांधला की दुसऱ्या दिवशी पुरळ.

---

आडनाव_नको (गुरुवार, रात्री १०:१०)

कालपासून बाटल्यांवर वजन आणि मिली मार्करने लिहिलंय. तेलकट हात लागला की पुसून जातंय. काय करायचं?

---

दवाखानागल्ली (गुरुवार, रात्री १०:३५)

काचेवर-प्लास्टिकवर लिहू नका. जखमेला लावतात ती कापडी चिकटपट्टी तीन बोटं कापून बाटलीला लावा, त्यावर बॉलपेनने लिहा, वर पारदर्शक टेप. छापलेली तीव्रता आणि मुदतीची तारीख झाकली जाणार नाही अशा बाजूला. थोरल्याची पट्टी पांढरी आणि धाकट्याची रंगीत घेतलीत तर रात्री दिवा न लावताही... नाही, दिवा लावाच.